दुसरी चंपी

फ्रेम १

"ही चंपी," मायाप्पा म्हणाला आणि त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

"नक्की?" शिरगुप्प्यांनी विचारलं.

"आता माझी मेंढरं म्या वळखायची न्हाईत तर काय तुमी वळखणार? डाव्या कानाला कातर हाय. कपाळाला निळा ठिपका. मान वाकडी धरून चालती, बारकी असताना कुत्र्यानं धरलीवती. चंपीच."

"बरं. आता ही बघा." शिरगुप्प्यांनी त्याचं बोट उचललं आणि फोटोच्या उजव्या कडेला नेऊन ठेवलं, ठसा घ्यायला ठेवतात तसं.

मायाप्पानं वाकून पाहिलं. मुंडासं मागं सारून पाहिलं. मग शिरगुप्प्यांच्या हातातलं भिंग मागून घेतलं आणि त्यातून आधी फोटो, मग स्वतःचं बोट आणि शेवटी शिरगुप्प्यांना पाहून घेतलं.

"ही बी चंपी."

खोलीत आम्ही अकरा माणसं होतो. 

"चंपीला जुळी बहीण आहे का?"

"न्हाय वो. एकलीच झालीवती."

"मग एकच मेंढरू एकाच वेळी दोन ठिकाणी कसं चालतंय?"

मायाप्पा विचारात पडला. त्याला आपल्या मेंढराची बाजू घ्यायची होती, हे दिसत होतं.

"चंपी तशी लई चपळ हाय," तो म्हणाला.

फ्रेम २

आता ही माणसं कोण ते सांगतो. नाहीतर तुम्ही नुसती मेंढरं मोजत बसाल.

डिसेंबर २००८. मिरजेत एका तालमीच्या वरच्या मजल्यावर आमच्या शुद्ध छायाचित्रण मंडळाची खोली होती. खाली पैलवान एकमेकांना आपटायचे आणि वर भिंतीवरच्या आमच्या फ्रेमा तिरक्या व्हायच्या. दर बैठकीच्या सुरुवातीला त्या सरळ कराव्या लागत. बैठकीत तेवढंच एक काम एकमतानं व्हायचं.

'शुद्ध' हा शब्द अण्णांचा. अण्णा म्हणजे बाळगोंडा तेरदाळे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, मंडळाचे संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष, वय त्र्याहत्तर. कॅमेऱ्यात आलं ते आलं, नाही आलं ते नाही, एवढाच त्यांचा धर्म. रंग गडद करायचा नाही, डाग पुसायचा नाही, कड कापायची नाही. नव्या सभासदाला कॅमेऱ्यावर उजवा हात ठेवून तशी शपथ घ्यावी लागे. एका सभासदानं शपथ घेताना चुकून बटण दाबलं, तो फोटोसुद्धा अण्णांनी पुसू दिला नव्हता. त्यात त्याच्या नाकपुड्या होत्या.

भिंतीच्या मध्यभागी अण्णांचा 'धूळवाट' होता. सन १९८१, कृष्णधवल. दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याची वाट, सोन्यासारखी उजळलेली धूळ आणि धुळीतून बाहेर येणारी मेंढरं. कृष्णधवल फोटोत सोनं दिसतं कसं, असं लोक विचारायचे. अण्णा म्हणायचे, "थांबलं की दिसतं. मी तिथं अकरा दिवस थांबलो होतो." आमच्या पत्रांवर, ढालीवर आणि प्रमाणपत्रांवर तोच फोटो छापलेला असायचा.

रविवारी सकाळी अण्णा घरी वर्ग घ्यायचे. मीही तिथंच शिकलो. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी पद्मावतीबाई, सगळ्यांना बिनकांद्याचे पोहे द्यायच्या आणि भिंतीवरच्या फोटोंकडं बघून म्हणायच्या, "मला काय कळतंय ह्यातलं? मी आपली पीठमिठाची बाई." त्यावर अण्णा घाईनं विषय बदलायचे. काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आणि मी शकील मुजावर, सभासद क्रमांक ४१. हॉस्पिटलांच्या रस्त्यावर, अकरा पायऱ्या चढून वर, मुजावर फोटो स्टुडिओ. दुकानात मी दिवसभर तेच करायचो ज्याला मंडळात बंदी होती. लुंगीवर आलेल्या माणसाची मान सुटावर बसवायची. बेडगच्या नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरावर नेऊन सोडायचं, पायात चपला तशाच. एका गृहस्थांच्या डोक्यावर तर मी दरवर्षी केस उगवून देत होतो आणि दरवर्षी थोडे पांढरे करत होतो, संशय नको म्हणून. अण्णांना हे सगळं माहीत होतं. "दुकानात पोट भर," ते म्हणायचे, "फक्त इकडं खोटं आणू नकोस."

त्या जानेवारीत मंडळाला पंचवीस वर्षं होणार होती. अण्णांचे गुडघे बसले होते. रविवारचा वर्ग आता मुजावर घेईल, असं ते कार्यक्रमात जाहीर करणार होते, तसं मला त्यांनी सांगून ठेवलं होतं. दुकानात मला सगळे 'ओ फोटोवाले' म्हणायचे. त्या वर्गात अण्णांना 'सर' म्हणत. मला तो वर्ग हवा होता. बाकी काही नको होतं, असं म्हणणार होतो, पण ढालसुद्धा हवी होती.

ढाल मिळाली. 'परतीची वाट' या माझ्या फोटोला वार्षिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. (आमच्याकडं दर तिसऱ्या फोटोचं नाव 'परतीची वाट' असतं.) परीक्षक कोल्हापूरचे होते. तीच दंडोबाची वाट, तशीच धूळ, मात्र रंगीत. फोटो 'धूळवाट'च्या बरोबर खाली लागला. लोक म्हणाले, गुरूच्या पायाशी शिष्य. मी आठ दिवस हवेत होतो.

नवव्या दिवशी शिरगुप्पे भिंग घेऊन आले.

शिरगुप्पे मंडळाचे कार्यवाह. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तिकिटं जमवायचा नाद, त्यामुळं भिंग कायम खिशात. तिकिटावरचा एक दात कमी असला तरी त्यांना झोप यायची नाही. त्यांनी माझ्या फोटोतली मेंढरं मोजली. दोनदा मोजली. मग ते बसनं दंडोबाला गेले आणि मेंढरांच्या मालकालाच घेऊन आले.

फ्रेम ३ (उजवी कड कापलेली)

त्या दिवशी मी दंडोबाच्या उतारावर एका बाभळीखाली लांब पल्ल्याची लेन्स लावून बसलो होतो. खालून मायाप्पाची मेंढरं संध्याकाळी जायची, सव्वाशे तरी असतील. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पडून गेला होता आणि वाट ओली होती. म्हणजे धूळ नाही, म्हणजे फोटो नाही. पण एवढं पेट्रोल जाळून आलोय तर बसू, म्हणून बसलो.

सूर्य टेकायला आला. मेंढरं वळणावरून आली. आणि एकदम उजवीकडून सोनेरी लोट उठला, वर गेला, पसरला आणि मेंढरांवर उतरू लागला.

ओल्या वाटेवर धूळ कुठून आली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण प्रकाश असा असला की फोटोवाल्याला प्रश्न पडत नाहीत. मी नऊ वेळा बटण दाबलं. मेंढरं शिंकत होती. मेंढरू शिंकतं हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोटो संगणकावर उघडला. सहावी फ्रेम. माझ्या हातून असा फोटो पुन्हा होणार नाही, हे मला तेव्हाच दिसलं. मग मी उजवी कड मोठी करून पाहिली. आणखी मोठी केली. आणि उठून दुकानाचं शटर खाली ओढलं. भर दुपारी बारा वाजता. खालच्या औषधवाल्यानं हाक मारून विचारलं, "कोण गेलं काय?"

उजव्या कडेला काय होतं ते मी इथं कापलं आहे. कड कापायची नाही असं शिकलेल्या माणसानं कापलं आहे. नंतर परत जोडून देईन.

फोटो टाकून देता आला असता. तेच बरोबर झालं असतं. दोन दिवस मी फाइल पुसायला बसायचो आणि तिच्याकडं बघत राहायचो. तिसऱ्या दिवशी डावीकडचं एक मेंढरू उचललं आणि उजव्या कडेवर नेऊन बसवलं, जे होतं ते झाकलं जाईल असं. सव्वाशे मेंढरं होती. त्यातून मी चंपी उचलली. तीच सगळ्यात ठळक होती. चोरानं देवळाबाहेरच्या शंभर जोडांतून नेमकी पाटलाची कोल्हापुरी घालून जावी, तसला प्रकार.

फ्रेम ४

ही फ्रेम वाया. डोळे मिटले होते. सोडून द्या.

फ्रेम ५

चौकशीचं इतिवृत्त माझ्याकडं आहे. शिरगुप्प्यांच्या अक्षरात, सुवाच्य. त्यात लिहिलं आहे:

"सभासद क्र. ४१ यांना मूळ छायाचित्र सादर करण्याची पुरेशी संधी देण्यात आली."

झालं ते असं. मायाप्पाला चहा दिला गेला. शिरगुप्प्यांनी नियमावली काढली आणि कलम सात वाचलं: फेरफार केलेल्या सभासदानं मूळ फोटो सर्वांसमोर दाखवला, तर समज देऊन सोडावं. न दाखवल्यास नाव कायमचं कमी करावं.

"अरे, दाखवून टाक की," डॉक्टर कुंभोजकर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, मनानं मऊ. "काय असणार आहे? विजेचा खांब असेल. प्लास्टिकची पिशवी असेल. माणूस आहे, हात वळवळतो. आता मी स्वतः गेल्या वर्षी तो घाटाचा फोटो..."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"...काढला होता," डॉक्टर म्हणाले आणि चहाच्या कपात शिरले.

"मूळ कुठाय, मुजावर?" शिरगुप्पे.

"उडालं. कार्ड खराब झालं."

"सोयीस्कर खराब झालं."

"कार्डाला काय कळतंय, साहेब."

मूळ माझ्या पँटच्या खिशात होतं, पेनड्राइव्हमध्ये. मांडीला टोचत होतं. येताना ते मी का घेतलं, हे मला नीट सांगता येणार नाही.

आता अण्णा बोलले. तोवर ते खिडकीजवळ माकडटोपी मांडीवर ठेवून गप्प बसले होते. "मुजावर," ते म्हणाले, "मी तुला शपथ दिली होती. खांब असो, गटार असो, मूळ ते मूळ. लाज कसली? दाखव."

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांना खरोखरच बघायचं होतं. गुरुजींसारखे पुढं झुकले होते.

"नाही दाखवत, अण्णा."

हे वाक्य मी इथं थोडं उजळ केलं आहे. प्रत्यक्षात माझा आवाज चिरकला आणि 'अण्णा' हा शब्द आलाच नाही.

खाली कुणीतरी आपटलं. 'धूळवाट' तिरका झाला. मायाप्पानं तो सरळ करायला हात घातला आणि फोटोला नाक लावून उभा राहिला.

"ह्यात बी न्हाय," तो म्हणाला.

"काय नाही?"

"धूळ. ही बी धूळ न्हाय आन ह्या रंगीत फोटूतली बी न्हाय. धूळ अशी उडत न्हाय, ती खालनं वर येती. ही वरनं खाली आलीया. पीठ हाय त्ये."

"पीठ?"

"गव्हाचं. माझी मेंढरं दोन दिस शिंकत हुती की. चंपीच्या नाकात तर गोळा झाल्ता. म्या म्हणलं कोन करणी करतंय." त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "आन मागं बा असताना बी असंच झाल्तं. तवा बाई हुती म्हनं. बा सांगायचा, मिरजंची एक बाई सूप घिऊन आली आन मेंढरांवर पीठ टाकून गेली. तुमच्यात काय नवस हाय का मेंढरास्नी पीठ घालायचा?"

अण्णांनी पाणी मागितलं. कुणीच उठलं नाही, तेव्हा स्वतःच उठले, आणि माठापर्यंत गेल्यावर भांडं हातात घेऊन तिथंच थांबले.

शिरगुप्प्यांना जुन्या बाईत रस नव्हता. त्यांना ताजं पीठ मिळालं होतं. "या वेळी कोणी टाकलं? पाहिलंत तुम्ही?"

"लांब हुतो. माकडटोपीवालं कोनतरी हुतं."

आता डिसेंबरातली मिरज. खोलीत अकरा माणसं आणि सात माकडटोप्या. मायाप्पानं एकेक टोपी बघायला सुरुवात केली, मघाशी मेंढरू बघितलं तशी. कान, ठिपका, चाल. दातांच्या डॉक्टरांनी आपली टोपी हळूच खाली घेतली. मायाप्पाची नजर खिडकीकडून सरकत सरकत माठाकडं निघाली.

"मी टाकलं," मी म्हणालो.

"तुम्ही?" शिरगुप्पे म्हणाले. "फोटो काढत होता की पीठ टाकत होता?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं जमेल?"

"टायमर लावला होता."

मायाप्पा माझ्याकडं बघत राहिला. मग माठाकडं. मग परत माझ्याकडं. सव्वाशे मेंढरं वळखणारा माणूस. दोन पायांची अकरा त्याला अवघड नव्हती.

"असंल," तो म्हणाला. "त्वांड काय दिसलं न्हाय."

पुढचा पाऊण तास मंडळानं पिठावर चर्चा केली. पीठ उधळणं हा फेरफार आहे का? डॉक्टर म्हणाले, नाही, पीठ कॅमेऱ्याच्या बाहेर आहे. एक जण म्हणाला, मग मेंढरूही बाहेरच होतं. दुसरा म्हणाला, एक चंपी बाहेर होती, दुसरी आतली. कुणीतरी विचारलं, की मग नवरीला पावडर लावून फोटो काढला तर? तिथं बरेच जण अडकले. कारण त्या हिशेबानं मंडळातल्या सगळ्यांच्याच लग्नाचे फोटो बाद होत होते.

इतिवृत्तात हे एका ओळीत आहे: "पिठास हरकत नाही. मेंढरास आहे."

त्याखाली माझं नाव कमी केल्याचा ठराव आणि अध्यक्षांची सही. सही करताना अण्णांचं पेन चालेना. त्यांनी ते झटकलं, परत टेकवलं, परत झटकलं. शेवटी मी माझं दिलं.

फ्रेम ३ (न कापलेली)

आता कड जोडतो.

फोटोच्या उजव्या कडेला, वाटेपासून चार हात आत, निवडुंगाच्या आडोशाला अण्णा उभे होते. माकडटोपी, दोरी लावलेला चष्मा, तपकिरी स्वेटर पिठानं पांढरा झालेला. दोन्ही हातांत सूप, डोक्याच्या वर, नुकतंच झटकलेलं. बाजूला आट्याची उघडी पिशवी. डाव्या पायाखाली कॅमेऱ्याचं बटण लांबून दाबायचा रबरी फुगा, आणि त्या फुग्यापासून निघालेली वीस फुटांची नळी चिखलातून तिवईपर्यंत गेलेली. पीठ टाकायचं आणि त्याच क्षणी फुग्यावर पाय द्यायचा, अशी योजना. सहाव्या फ्रेममध्ये पाय फुग्यावरून घसरला होता. एक गुडघा वाकलेला, तोंड उघडं, चपला हवेत. एकच, म्हणजे डावी.

त्यांच्या स्वतःच्या फोटोत ते नव्हते. तो आडोसा त्यासाठीच निवडला होता. वर बाभळीखाली आणखी एक जण बसलाय, हे त्यांना माहीत नव्हतं.

शुद्ध छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष. आणि चंपी त्यांच्यावर फिट्ट बसली. पाठीच्या बाकासकट.

फ्रेम ६

आठ वर्षांनी, एका गुरुवारी, अण्णा माझ्या दुकानात आले. मधल्या काळात रविवारचा वर्ग शिरगुप्प्यांनी घेतला. पहिले सहा महिने त्यांनी भिंग कसं धरावं तेच शिकवलं, आणि सातव्या महिन्यात वर्ग संपला. मी रस्त्यात अण्णांना सलाम करायचो, ते मान हलवायचे. तेवढंच.

रिक्षावाल्यानं त्यांना हाताला धरून वर आणलं. पासपोर्टसाठी ठेवलेल्या स्टुलावर ते बसले आणि बराच वेळ श्वास जमवत राहिले.

"फार उंच जिना आहे तुझा."

"अकरा पायऱ्या, अण्णा."

"अकराच?" ते म्हणाले. "आठ वर्षं लागली."

मी पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि भांडं हातातच धरून ठेवलं.

"मूळ आहे का रे?"

"कशाचं?"

"दुसऱ्या चंपीखालचं."

पेनड्राइव्ह गल्ल्याच्या मागच्या खणात होता, तो काढला, लावला, उघडला. अण्णा उठून पडद्याजवळ आले. चष्मा कपाळावर घेतला. स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोट केवढं दिसतंय."

"स्वेटर आहे तो."

"स्वेटर नाही, पोटच आहे. आणि पाय असा घसरला होता? मला वाटलं होतं, कुणी बघितलं असतं तरी ऐटीत दिसलो असतो." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मी होतो तिथं मेंढरू बसवलंस, हे मला त्या दिवशी माठाजवळ कळलं. तो पीठ म्हणाला तेव्हा. तोवर मी खरंच खांब शोधत होतो त्या फोटोत."

"जाऊ द्या, अण्णा."

"जाऊ दे काय? बोलायला हवं होतं मी. भांडं भरून प्यायलो आणि सही केली. तुझ्याच पेनानं." त्यांनी नाक पुसलं. "आता मंडळाला सांगू का?"

"पिठास हरकत नाही, असा ठराव आहे."

ते हसले नाहीत. मग हसले. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी शबनम पिशवीतून जुन्या फोटोपेपरचा एक लिफाफा काढला. आत एकच निगेटिव्ह होती, चौकोनी, सहा बाय सहा सेंटीमीटरची.

"'धूळवाट'," ते म्हणाले. "अख्खी."

मी ती उजेडपेटीवर ठेवली आणि भिंग लावलं. वाट होती, मेंढरं होती, लोट होता. आणि उजवीकडं, भिंतीवरच्या फोटोत जिथं कड संपते त्याच्या थोडंसं पलीकडं, काकू होत्या. पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, सूप डोक्याच्या वर. चेहरा कॅमेऱ्याकडं, तोंड उघडं.

"काही म्हणतायत वाटतं."

"'दाबा की हो आता, हात मोडला माझा.'" अण्णांनी त्यांच्याच सुरात म्हटलं. "अकरा दिवस नेलं होतं मी तिला. घरचं ज्वारीचं पीठ. अकराव्या दिवशी जमलं, तर ही फ्रेममध्ये आली. मग कापलं. कोपरापासून हात राहिला होता, तो पण कापला. नियम मी नंतर केला, कड कापायची नाही म्हणून. कुणी कापलीच नाही तर कुणी विचारणारही नाही."

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. अण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"ती गेल्यावर तिचा फोटो शोधला भिंतीवर लावायला. आहेत, भरपूर आहेत. पण दोघांचा नाही. लग्नातला एक आहे, त्यात ती खाली बघतीय आणि मी घाबरलोय. नंतर पन्नास वर्षं कॅमेरा माझ्याच हातात. मी कुठला येणार? त्या डिसेंबरात वाटलं, तिथं जाऊन एकदा तसंच करावं. तिच्या जागी उभं राहून बघावं. हात खरंच मोडतो रे. तिसऱ्या सुपाला मोडतो."

त्यांनी एक बोट पडद्यावर ठेवलं, स्वतःवर. दुसरं उजेडपेटीवर, काकूंवर. दोन्ही बोटं तिथंच ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"ह्या दोघांना एका चौकटीत आण."

"अण्णा, हे शुद्ध नाही."

"मला शिकवू नकोस. मीच लिहिलंय ते."

निगेटिव्ह स्कॅन केली. माझा फोटो कृष्णधवल केला. काकूंना उजवीकडं ठेवलं, अण्णांना आरशातल्यासारखं उलटं करून डावीकडं घेतलं, म्हणजे दोघं समोरासमोर आले, मध्ये वाट. सावल्या जुळवता जुळवता दोन तास गेले. अण्णा स्टुलावरून सूचना देत होते. ज्या माणसानं आयुष्यभर एक डाग पुसू दिला नाही, तो म्हणत होता, "माझा पाय सरळ कर. नको, राहू दे, ती हसेल. पोट मात्र घे थोडं आत."

"पीठ जुळत नाहीये," मी म्हणालो. "तुमच्याकडचं दाट पडतंय, काकूंकडचं विरळ."

"जुळणार कसं? तिचं ज्वारीचं, माझं गव्हाचं. तसंच ठेव."

ठेवलं. दोन लोट मधोमध येऊन एकमेकांत मिसळत होते. फक्त जिथं दोन फोटो जोडले होते तिथं, वाटेच्या बरोबर मध्यावर, एक पट्टा मोकळा दिसत होता. हातभर रुंद. मी तो धुळीनं भरून पाहिला, दगडानं भरून पाहिला. जोड लपेना.

"इथं फट राहतीय, अण्णा. दोघांच्या मध्ये काहीतरी पाहिजे."

अण्णा स्टूल ओढत पडद्याजवळ आले. बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले.

"चंपी घाल," ते म्हणाले. "पण एकदाच."